चार इंची अपो दुर्बिणीला तीन लाख: शहाणपण की नुसती खाज? (नाशिक)

सातपूरकर
सोम, ५ जानेवारी २०२६, रात्री १०:१२

मंडळी, दोन वर्षं नुसता वाचक होतो. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी सातपूर एमआयडीसीत सीएनसी यंत्रावर आहे. घरी मुलांसाठी घेतलेली ७० मिमीची दुर्बीण. मुलं कधीच कंटाळली, मी अडकलो. चंद्राच्या कडेला जांभळी झालर, अभिजित तारा बघावा तर भोवती निळसर धुकं. वाचत गेलो तेव्हा कळलं की हा माझ्या डोळ्यांचा दोष नाही, साध्या दोन भिंगांच्या अॅक्रोमॅटचा स्वभावच तो. तेव्हापासून डोक्यात अपोक्रोमॅट, म्हणजे ही झालर घालवणारी खास भिंगांची दुर्बीण (थोडक्यात 'अपो'), बसलाय.

एक पॉलिसी मॅच्युअर झालीय. बायकोनं सांगितलंय, "एकदाच काय ते घ्या आणि विषय संपवा." (विषय संपत नसतो हे तिला अजून माहीत नाही.)

चार इंचांवर थांबायचं ठरलंय. स्कायवॉचरची १०० मिमी ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या काचेची), एफ/९ (फोकल लांबी भिंगाच्या व्यासाच्या नऊपट), तिपाईशिवाय नुसती नळी अमेरिकेत हजार डॉलरच्या आसपास. टाकाहाशीची १०० मिमी फ्लोराइट (त्या नावाच्या स्फटिकाचं भिंग असलेली), एफ/७.४, तीन हजारांच्या आसपास. डॉलर नव्वदीला, वर वाहतूक, ड्युटी, जीएसटी. म्हणजे दुसरी घरात येईपर्यंत तीन लाखांच्या बरीच पुढे. मध्ये चिनी, तैवानी तीन भिंगवाल्या आहेत, त्यांची तर गणतीच नाही.

कॅमेरा लावायचा नाही, डोळ्यानंच बघणार. गच्चीवरून ग्रह आणि जोडतारे, महिन्यातून एकदा पेठ रस्त्याला, अंधारात. प्रश्न साधा आहे. तिप्पट पैशात नेमकं काय विकत मिळतं?

निफाडी
सोम, ५ जानेवारी २०२६, रात्री १०:३१

माउंट, म्हणजे नळी धरणारी बैठक, कोणतं घेणार ते आधी सांगा भाऊ. तीन लाखांची नळी हलणाऱ्या तिपाईवर ठेवली तर ती तीस हजारांचीच दिसती.

बारा_गडगडी
सोम, ५ जानेवारी २०२६, रात्री १०:४४

तीन लाखात चंद्राच्या कडेची झालर जाणार. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मंडपाच्या झालरीला एवढाच खर्च आला होता, ती दुसऱ्या दिवशी गेली.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

काचवेडा
मंगळ, ६ जानेवारी २०२६, सकाळी ७:०५

सातपूरकर, तुम्ही यंत्रावर काम करता म्हणजे तुम्हाला समजावणं सोपं जाईल. मी पुण्याला आयुका या खगोलसंस्थेत दुर्बिणीचा आरसा घासायला शिकलो, त्यानंतर घरी चार घासले. भिंगं मात्र कधी केली नाहीत आणि करणारही नाही. त्याचं कारण खाली येईलच.

आधी रंगाचं. साध्या क्राउन आणि फ्लिंट काचेच्या जोडीत लाल आणि निळा एका ठिकाणी आणता येतात, पण हिरवा त्यांच्या जरा अलीकडे राहतो. हे अंतर फोकल लांबीच्या (भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराच्या) साधारण दोन हजाराव्या भागाइतकं. १०० मिमी, एफ/१० दुर्बीण घ्या. फोकल लांबी १००० मिमी, म्हणजे फरक अर्धा मिलिमीटर. आता एफ/१० ला फोकस पुढेमागे व्हायची मुभा किती? दोन्ही बाजूंना जेमतेम ०.११ मिमी. म्हणजे हिरवा फोकसमध्ये असताना लाल-निळे मुभेच्या चौपट-पाचपट बाहेर. ते जे बाहेर सांडतं तीच तुमची जांभळी झालर. जुने लोक नळी लांबच लांब करायचे ते यासाठी. एफ/१५ केलं की फरक पाऊण मिलिमीटर होतो खरा, पण मुभा पाव मिलिमीटरवर जाते आणि झालर डोळ्याला सोसवते.

अपोक्रोमॅट म्हणजे तीन रंग एका ठिकाणी. व्याख्या अर्न्स्ट आबेची, तीही सूक्ष्मदर्शकासाठी. झाइस कंपनीनं १८८६ मध्ये तसे सूक्ष्मदर्शक काढले, त्यात नैसर्गिक फ्लोराइट स्फटिक वापरला होता. दुर्बिणीला पुरेल एवढा मोठा, स्वच्छ स्फटिक निसर्गात सापडणं मुश्कील. १९६० च्या दशकाअखेर कॅननला तो कृत्रिमरीत्या वाढवायला जमलं. १९६९ ची त्यांची ३०० मिमीची फ्लोराइट लेन्स प्रसिद्ध आहे. सत्तरच्या दशकात टाकाहाशीनं तो दुर्बिणीत आणला.

आता गंमत बघा. काच रंग किती कमी फाकवते त्याचा एक आकडा असतो, आबे आकडा. जेवढा मोठा तेवढी काच गुणी. साधी बीके-७ काच ६४. ओहारा या जपानी काच कंपनीची एफपीएल-५१ आणि तिच्या चिनी बहिणी ८१-८२. ओहाराची एफपीएल-५३, होयाची एफसीडी-१०० या ९५ च्या घरात. आणि फ्लोराइट? ९५.२. म्हणजे एफपीएल-५३ आणि फ्लोराइट यांच्यात रंगाच्या हिशेबानं जवळजवळ काहीच अंतर नाही. तिप्पट पैसे 'फ्लोराइट' या शब्दाला देत असाल तर देऊ नका.

"ईडी" या दोन अक्षरांना मात्र अजिबात भुलू नका. ८१ ची काचही ईडी आणि ९५ चीही ईडी. जाहिरातीत काचेचं नाव दिलं नसेल तर ते ८१ च धरून चाला.

अनुराधा_ज्येष्ठा
मंगळ, ६ जानेवारी २०२६, सकाळी ९:५०

काचवेडाकाका, दंडवत. वाचनखूण साठवली.

एकच पुरवणी. जोडीतली दुसरी काचही तितकीच महत्त्वाची असते. नुसतं "एफपीएल-५३ आहे" एवढ्यानं भागत नाही, तिच्यासोबत कोणती काच बसवली आणि किती नीट घासली यावर सगळं. चांगल्या घरातली मुलगी आहे म्हणून लग्न सुखाचं होतंच असं नाही.

काचवेडा
मंगळ, ६ जानेवारी २०२६, दुपारी १:२०

ताई, अगदी. आता त्याच मुद्द्यावर येतो, खरा पैसा तिथंच जातो.

सातपूरकर, तुमच्या यंत्रावर पाच मायक्रॉन पकडले की सुपरवायझर पाठ थोपटतो. भिंगातून आलेली प्रकाशलहर पाव तरंगलांबीच्या आत नीट हवी, म्हणजे ०.१४ मायक्रॉन. तेवढ्यावर स्ट्रेल गुणोत्तर (ताऱ्याचा प्रकाश किती नेमका एकवटतो त्याचं माप, निर्दोष म्हणजे १) ०.८० येतं, आणि त्याला फक्त 'पास' म्हणतात. ०.९५ च्या पुढं उत्तम. आरशाला एकच पृष्ठभाग घासायचा असतो. दोन भिंगांना चार, तीन भिंगांना सहा. शिवाय ती एकमेकांच्या मध्यावर नेमकी बसायला हवीत, अंतर नेमकं हवं, आणि थंडी-उन्हात ते हललं नाही पाहिजे. मी भिंगांच्या वाटेला का गेलो नाही ते कळलं ना?

स्वस्त कारखान्यातून निघालेल्या दहा नळ्यांतल्या काही अप्रतिम असतात, काही ठीक, एखादी रडकी. महाग कारखाना रडकी नळी दाराबाहेर पडू देत नाही. तिप्पट पैसे त्या दाराचे.

पाथर्डी_फाटा
मंगळ, ६ जानेवारी २०२६, रात्री ९:१४

मी नवीन पिढीचा, रागावू नका. सीस्टार एस५० घ्या. ५० मिमी, एफ/५, तीन भिंगांची अपो, आत कॅमेरा, मोबाइलवर चित्र. पाथर्डी फाट्याच्या उजेडात देवयानी दीर्घिका रंगीत दिसली मला. तीन लाखात पाच येतील आणि वर मिसळ.

निफाडी
मंगळ, ६ जानेवारी २०२६, रात्री ९:२६

भाऊ, त्यांनी वर लिवलंय, डोळ्यानंच बघायचंय म्हणून. मोबाइलवर बघायचं तर रजईत बसून बी बघता येतं.

पाथर्डी_फाटा
मंगळ, ६ जानेवारी २०२६, रात्री ९:३०

रजईत बसूनच बघतो की. :)

गंगापूररोड
बुध, ७ जानेवारी २०२६, रात्री ११:४८

सातपूरकर, तुम्ही ज्या फ्लोराइटबद्दल विचारताय ती माझ्याकडे आहे. भाऊ अमेरिकेतून येताना घेऊन आला, ड्युटी रीतसर भरली. तेव्हा खोटं बोलायला मला काही कारण नाही, आणि खरं बोलायला थोडी लाज वाटते.

काचवेडासाहेब म्हणतात ते बरोबर. रंगाचा फरक शोधावा लागतो. मग मी का घेतली? मी डॉक्टर आहे. माझ्या वाट्याला आकाश येतं ते दोन पेशंटच्या मध्ये, किंवा रात्री साडेअकराला घरी आल्यावर पाऊण तास. नळी जेमतेम तीन किलोची, दारामागे ठेवलेली असते. एका हातात नळी, एका हातात तिपाई, गच्चीवर. दहा मिनिटांत काच बाहेरच्या हवेइतकी निवते (तोवर चित्र हलत राहतं) आणि मी गुरूवर असतो. तीन भिंगांची जाड दुर्बीण असती तर तिला निवायला अर्धा-पाऊण तास गेला असता, म्हणजे माझी सगळी वेळ.

दुसरं, फोकस. चांगल्या नळीत फोकस 'सापडतो', शोधावा लागत नाही. हे लिहून समजत नाही, एकदा बघा.

फ्लोराइट ओलाव्यानं विरघळतो वगैरे जे ऐकायला मिळतं त्यावर विश्वास ठेवू नका. नाशिकचे पावसाळे तिनं काढलेत. बुरशीची भीती मात्र सगळ्याच काचांना. जून ते सप्टेंबर ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत झोपते.

टिपूर_चांदणं
गुरु, ८ जानेवारी २०२६, सकाळी ८:३३

मला इथे थोडं भांडायचं आहे.

सगळे रंग-रंग करताय, पण चार इंच म्हणजे चार इंच. डॉजची मर्यादा, म्हणजे दोन तारे वेगळे दिसायला लागणारं किमान अंतर, ११६ भागिले मिलिमीटर, म्हणजे १०० मिमीला १.१६ कोनीय सेकंद. फ्लोराइट असो की सोन्याची काच, याच्या आत जाणार नाही. आठ इंची डॉब (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), २०० मिमी, मर्यादा निम्मी आणि प्रकाश चौपट. रंगदोष शून्य, कारण आरसा रंग फाकवतच नाही. आणि तुमच्या बजेटच्या तुकड्यात येते. ब्रह्मगिरीच्या पलीकडे अंधारात गेलात की कृत्तिका-मृगाच्या पुढचं आकाश चार इंचाला दिसतच नाही हो, नुसते कापसाचे ठिपके.

अपोवाले लोक दर्जेदार घड्याळवाल्यांसारखे असतात. वेळ तीच, पण मनगट दाखवायचं असतं.

गंगापूररोड
गुरु, ८ जानेवारी २०२६, दुपारी २:०७

मनगटाचं मान्य. :) बाकी डॉबच्या आरशासमोर दुसरा आरसा आडवा असतो, त्यानं ग्रहावरच्या फिक्या पट्ट्यांचा उठाव थोडा कमी होतो हे विसरू नका. आणि आठ इंची आरसा गच्चीवर निवायला किती वेळ लागतो तेही लिहा.

टिपूर_चांदणं
गुरु, ८ जानेवारी २०२६, दुपारी २:१५

तास-दीड तास. तेवढ्यात मी जेवतो.

अनुराधा_ज्येष्ठा
गुरु, ८ जानेवारी २०२६, रात्री ८:४०

माझा अनुभव वेगळ्या अंगानं. मी शिक्षिका आहे, पेठ-सुरगाण्याकडच्या शाळांत आकाशदर्शन करते. एका रात्री शंभर-सव्वाशे मुलं. डॉब नेली होती एकदा. मुलं शिडीसारखी तिला धरतात, नळी हलते, दर तिसऱ्या मुलानंतर शनी पुन्हा शोधा. आता १०० मिमीची ईडी, एफ/९, ताऱ्याचा माग घेणारं माउंट. एकदा लावली की मुलं येतात, बघतात, "बाई, हे चिकटवलेलं चित्र हाय ना?" म्हणतात आणि पुढे सरकतात. त्या मुलांना ०.९५ आणि ०.९८ मधला फरक सांगायचा असेल तर मला सांगा.

पण सातपूरकर, तुम्ही डोळ्याचे आहात म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर पुढे चांगली नळी परत पाठवायला निघाल. गेल्या मार्चमध्ये शुक्राची कोर मावळताना मी ईडीतून बघितली. एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला निळी. दोन दिवस झोप नाही, वाटलं फसले. मग एका रात्री तोच रंग व्याधाला मावळताना डॉबमधून दिसला, जिच्यात भिंगच नाही! दोष काचेचा नव्हता, हवेचा होता. क्षितिजाजवळ वातावरणच लोलकासारखं काम करतं. ग्रह निदान पन्नास-साठ अंश वर आल्याशिवाय रंगावर निकाल देऊ नका. भिंगाचा दोष चहूबाजूंनी सारखी झालर देतो, हवेचा दोष वर निळा खाली लाल, किंवा दुर्बिणीतलं चित्र उलटं असेल तर उलटं.

निफाडी
शुक्र, ९ जानेवारी २०२६, पहाटे ५:४१

ताईंनी लई मोलाचं सांगितलं. आता थंडीचं मी सांगतो, कारण थंडी आमच्याच गावची.

माझ्याकडं एक तीन भिंगांची नळी होती, नाव घेत नाही. नोव्हेंबरात झकास. जानेवारीत आमच्याकडं पारा पाच-सहावर आला की त्यातला प्रत्येक तारा तिकोनी. ब्रह्महृदय बघावं तर समोसा. कारण असं, की बाहेरची ॲल्युमिनियमची कडी थंडीत काचेपेक्षा जास्त आकसती आणि काचेला तीन जागी चिमटा बसतो. या खास काचा बी साध्या काचेपेक्षा दुप्पट पसरणाऱ्या-आकसणाऱ्या, म्हणजे सगळंच नाजूक. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तो म्हणाला तुमच्याकडं एवढी थंडी नसतीच. म्हणलं ये, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला माणूस पाहिजेच.

शेकोट्यांचं बी लक्षात ठेवा. थंडीची लाट आली की रातभर बागांत धूर. त्या रात्री निफाडकडं दुर्बीण घेऊन येऊ नका, कितीही लाखांची असो.

बारा_गडगडी
शुक्र, ९ जानेवारी २०२६, सकाळी ८:०२

तिकोनी ताऱ्याला समोसा म्हणणारा पहिला खगोलनिरीक्षक. तो समोसा आता माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

पुढे काय झालं त्या नळीचं?

निफाडी
शुक्र, ९ जानेवारी २०२६, सकाळी ८:१९

विकली. पुण्यातल्या एकाला, सगळं खरं सांगून. त्यानं कडीची पकड अर्धा आटा सैल केली आणि तारे गोल झाले. माझी हिंमत नव्हती, काच हातात आली तर परत मध्यावर कोण बसवणार.

काचवेडा
शुक्र, ९ जानेवारी २०२६, सकाळी १०:१०

आणि इथंच आपल्याकडचा हिशेब अमेरिकेपेक्षा वेगळा होतो. तिकडच्या माणसाला रडकी नळी मिळाली तर तो खोक्यात घालून परत पाठवतो, दुसरी येते. आपण परत पाठवायची म्हणजे जाण्याचं भाडं, कस्टमची कागदपत्रं, पुन्हा येताना पुन्हा मूल्यांकन. ड्युटी नुसत्या किमतीवर नाही, किंमत अधिक वाहतूक अधिक विमा यावर लागते, आणि जीएसटी त्या सगळ्या बेरजेवर. म्हणून इथं 'पहिलीच नळी बरोबर यायला हवी' याला तिकडच्यापेक्षा जास्त किंमत आहे. महागड्या नळीच्या बाजूनं एवढा एकच युक्तिवाद मला पटतो.

त्यावर दुसरा उपाय आहे. भारतातच वापरलेली घ्या, पण स्वतः डोळ्यानं तपासून. एखादा मध्यम तेजाचा तारा दीडशे-दोनशे पटीला फोकसच्या आत आणि बाहेर काढून बघा. दोन्हीकडची वर्तुळं सारखी, गोल, मध्य जिथल्या तिथं. बस्स. कागदावरच्या स्ट्रेलच्या आकड्यापेक्षा हे खरं. तो आकडाही बहुधा एकाच हिरव्या रंगात मोजलेला असतो, निळ्यात काय परिस्थिती आहे ते तो सांगत नाही.

गंगापूररोड
शुक्र, ९ जानेवारी २०२६, रात्री ११:२०

बोलून काही ठरणार नाही. १७ तारखेला शनिवार आहे, दुसऱ्या दिवशी अमावास्या. गुरू मिथुनेत, मध्यरात्रीच्या सुमारास अगदी डोक्यावर. ताईंचा हवेचा रंग तिथं आडवा येणार नाही. मी फ्लोराइट आणतो. ताई, तुमची ईडी? टिपूर, तुमची ती आठ इंची तोफ?

टिपूर_चांदणं
शुक्र, ९ जानेवारी २०२६, रात्री ११:२४

तोफ येणार. सावळघाटाच्या पुढे, माझ्या मित्राचं शेत आहे.

सातपूरकर
सोम, १९ जानेवारी २०२६, रात्री ९:३६

मंडळी, वृत्तांत. उशीर झाला, रविवार झोपेत गेला.

सात जण जमलो. सावळघाट ओलांडून पुढे शेत, नाशिकचा उजेड पूर्वेला घाटाआड. थंडी मी म्हणत होती. साडेसातला शनी पश्चिमेकडे उतरता, कडी सुईसारखी आडवी. मार्च २०२५ मध्ये त्यांची धार नेमकी आपल्याकडे आली होती, अजून पुरती उघडलेली नाहीत. डॉबमध्ये तो शनी उकळत्या वरणासारखा हलत होता. दोन्ही चार इंचांत शांत. डॉक्टरसाहेबांनी टिपूरभाऊंकडे नुसतं बघितलं, बोलले काही नाहीत.

चाचणी मी आखली होती, आमच्या क्वालिटी विभागासारखी. ताईंची ईडी आणि डॉक्टरांची फ्लोराइट शेजारी, दोन्हींवर गोधड्या. (शेतमालकाच्या आईनं दिल्या. तिला वाटलं दुर्बिणींना थंडी वाजते.) ईडी ९०० मिमीची म्हणून ५ मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग), फ्लोराइट ७४० मिमीची म्हणून ४ मिमीचा. म्हणजे १८० आणि १८५ पट, जवळजवळ सारखंच. दोन्ही दुर्बिणींचे मालक सोडून पाच जणांनी डोळा लावायचा आणि कोणती कोणती ते चिठ्ठीवर लिहायचं.

गुरूवर पाचातल्या तिघांनी उलटं लिहिलं. त्यात मी होतो. मला ज्या नळीत पट्ट्यांच्या कडेचे धागे जास्त स्पष्ट दिसले ती ईडी निघाली! काचवेडाकाकांनी बरोबर लिहिलं, पण ते म्हणाले रंगावरून नाही, फोकसरच्या (फोकस साधायच्या चाकाच्या) आवाजावरून ओळखलं. मग ते मत बाद.

मृगातल्या राजन्य (रायजेल) ताऱ्याचा सोबती दोन्हींत सारखाच, टाचणीच्या टोकासारखा. फरक कळला तो ब्रह्महृदयावर, मुद्दाम फोकस किंचित बिघडवल्यावर. ईडीत एका बाजूला फिका जांभळा श्वास, फ्लोराइटमध्ये तोही नाही. पण फोकस बिघडवून आकाश बघायला कोण जातं?

फोकसचं डॉक्टर म्हणाले ते मात्र खरं. फ्लोराइटमध्ये चाक फिरवता फिरवता तारा 'टक' होतो. ईडीत मी दोनदा पुढे जाऊन मागे आलो. पण हे काचेमुळे किती आणि फोकसरच्या दातांमुळे किती, हे आमच्यापैकी कुणाला ठरवता आलं नाही. मला यंत्रातला माणूस म्हणून दात जास्त दिसतात. एफ/९ ला तर फोकसची मुभा एफ/७.४ पेक्षा जास्त असते, तेव्हा टक जाणवण्यात तोही वाटा आहेच.

मग साडेनऊनंतर तोफ निवली. मृगातला तेजोमेघ तिच्यात लावला आणि सगळे गप्प. मधल्या चौकडीतले आणखी दोन बारीक तारे तिच्यात सहज. चार इंचांत त्यातला एक दिसला, दुसरा मला नाही. दक्षिणेला अगस्त्य डोंगराच्या वर येऊन लुकलुकत होता, ताईंनी मुद्दाम तिन्हींतून दाखवला. तिन्हींत लाल-निळा, आरशातही. तो इथून सतरा अंशांच्या वर कधी जातच नाही.

मध्यरात्रीनंतर, गुरू डोक्यावर आला तेव्हा, डॉबमध्ये त्याच्यावर जे दिसलं ते मी चार इंचांत शोधत बसलो होतो. टिपूरभाऊ तेव्हा काही बोलले नाहीत, पण चहा स्वतः ओतून दिला.

दीडच्या सुमारास सगळ्या काचांवर दव. तीन लाखांवरही.

गंगापूररोड
सोम, १९ जानेवारी २०२६, रात्री ११:५५

वृत्तांत प्रामाणिक आहे. माझी विकत नाही, कारण मी शनिवारी रात्रभर बसणारा माणूस नाही, पाऊण तासाचा आहे. पण तुम्ही माझ्यासारखे नाही हे तुम्हालाही कळलं असेल.

काचवेडा
मंगळ, २० जानेवारी २०२६, सकाळी ६:५०

आवाजावरून ओळखलं हे लिहायची गरज नव्हती.

पाथर्डी_फाटा
मंगळ, २० जानेवारी २०२६, सकाळी ११:१५

मला बोलावलं नाही म्हणून निषेध. बाकी जे फोटो काढणार असतील त्यांनी मात्र हा निकाल लावून घेऊ नका हं. डोळा जांभळ्याकडे दुर्लक्ष करतो, कॅमेरा करत नाही. निळे तारे फुगतात, आणि एफ/५ सारख्या वेगवान नळीत अजून जास्त. तिथं तीन भिंगं आणि चांगली काच लागतेच.

सातपूरकर
रवि, १ फेब्रुवारी २०२६, दुपारी ४:२२

पुण्यातून वापरलेली १०० मिमी ईडी आणली, एफ/९, एफपीएल-५३ वाली. मालकाच्या गच्चीवर रात्री नऊला तपासली. आतली-बाहेरची वर्तुळं सारखी, गोल. त्याच्या स्लॅबची दिवसभराची गरमी वर येत होती म्हणून अकरापर्यंत थांबलो, मग शांत झाली. काकांना फोनवरून वर्णन सांगत होतो, ते "घे" म्हणाले तेव्हा पैसे दिले.

उरलेल्यातून निफाडीभाऊंच्या सल्ल्यानं भक्कम माउंट, आणि तरी बरंच शिल्लक. बायकोला सांगितलं, विषय संपला. टिपूरभाऊंची तोफ कुठं मिळते ते मी कामावरून शोधतोय.

एक मदत हवी. परवाचं दव बघून धास्तावलोय. तयार हीटरची पट्टी बाहेरून मागवायची तर पुन्हा तीच ड्युटी. घरी होईल का?

निफाडी
रवि, १ फेब्रुवारी २०२६, रात्री ८:०५

होतंय की. ३३० ओहमचे वीस रेझिस्टर, अर्ध्या वॉटचे न घेता एक वॉटचे घ्या, सगळे समांतर जोडायचे. बारा व्होल्टवर एकेक ०.४४ वॉट, मिळून नऊच्या आसपास. कापडी पट्टीत शिवून भिंगाच्या कडीभोवती गुंडाळायची, वरून वेल्क्रो. त्याआधी पुठ्ठ्याची लांब टोपी लावून बघा, निम्म्या रात्री तेवढ्यानंच भागतं.

रविवारी मी नाशकात द्वारका चौकात बॅटरीच्या कामाला येणार आहे. रेझिस्टर तुम्ही आणा, सोल्डरिंग गन माझ्याकडं आहे.